उपदेश वजा जाता

‘कौन्सेलिंग’ला आपण मराठीत ‘समुपदेशन’ म्हणतो. शब्द सुबक आहे आणि आता तो सर्वतोमुखी झाला आहे. मात्र त्याच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे. गंमत अशी की ज्या विद्येला आपण हे नाव दिले, तिचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा उपदेश हळूहळू वजा होत गेल्याचा इतिहास आहे. आम्हा धर्मगुरूंचा तर व्यवसायच उपदेशाचा. त्यामुळे हा इतिहास वाचताना आम्हांला थोडे अवघडल्यासारखे होते. तरीही तो सांगणे अगत्याचे वाटते, कारण समुपदेशकाकडे जा असे सुचविले की आपल्याकडील अनेक कुटुंबांतून एकच प्रश्न येतो: ‘डॉक्टर गोळी देतो, वकील कागद करून देतो, ही माणसे नुसती ऐकून घेतात. त्याने काय होणार?’ आणि एकट्याने नव्हे तर इतर दहाजणांसमवेत गोलात बसून बोला असे सांगितले, तर प्रश्नाची जागा भीती घेते: ‘चार लोकांत घरची लक्तरे कशाला?’ प्रश्न आणि भीती दोन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरे ग्रंथांतील व्याख्यांपेक्षा या विद्येच्या जन्मकथेत अधिक नीट सापडतात.

ती कथा बोस्टनपासून सुरू करावी लागते. १९०५ साली तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोसेफ प्रॅट नावाचे एक तरुण डॉक्टर क्षयरोग्यांवर उपचार करीत होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे अवकाश होता. क्षयावर उपाय म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा. श्रीमंत रोगी डोंगरावरच्या आरोग्यधामात जात. गरिबांनी काय करावे? ते गावातल्या कोंदट वस्तीत खोकत मरत. प्रॅट यांनी अशा गरीब रोग्यांचा एक ‘वर्ग’ काढला. त्याचा खर्च बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चने उचलला. एलवूड वूस्टर हे त्या चर्चचे पाळक होते.

वर्गाचे नियम कडक होते. काम पूर्ण सोडायचे. रात्रंदिवस उघड्यावर राहायचे, म्हणजे गच्चीत, सज्जात किंवा तंबूत, आणि तेही बोस्टनच्या हिवाळ्यात. प्रत्येकाने एक वही ठेवायची. तीत ताप, आहार, विश्रांतीचे तास रोजच्या रोज लिहायचे. आठवड्यातून एकदा सर्वांनी जमायचे. वजन केले जाई, वह्या तपासल्या जात, प्रॅट आरोग्यावर चार शब्द सांगत. मधल्या दिवसांत एक परिचारिका घरोघर जाऊन येई. वर्गाची संख्या पंचवीसच्या वर जाऊ द्यायची नाही असा दंडक होता.

प्रॅट यांची मूळ कल्पना साधी, जवळजवळ हिशेबी होती: एकेका रोग्याला तेच ते सांगण्यापेक्षा वीसजणांना एकदम सांगितले तर वेळ वाचेल. म्हणजे हा घाऊक उपदेशच होता. पण महिने गेले तसे त्यांच्या लक्षात येऊ लागले की रोग्यांना आधार वाटतो तो आपल्या व्याख्यानाचा नव्हे. ज्याचे वजन वाढले तो आपली वही दाखवतो, आणि शेजारच्या बाकावरचा निराश माणूस प्रथमच मान वर करून पाहतो. निरनिराळ्या वंशांची, निरनिराळ्या धर्मपंथांची ही माणसे एका व्याधीच्या धाग्याने बांधली जात होती, असे निरीक्षण त्यांनी नोंदवून ठेवले आहे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ही आपली म्हण आहे. तिथे एकाच वंशाला गेलेली वीस माणसे एका खोलीत बसली होती. पुढे १९३० मध्ये प्रॅट यांनी ज्यांच्या दुखण्याला शरीरात कारण सापडत नाही अशा रुग्णांसाठी त्याच धर्तीचा दुसरा वर्ग सुरू केला. समूहोपचाराचे इतिहासकार त्यांना या पद्धतीचा आद्य पुरुष मानतात, आणि ते रास्तच आहे. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते, साधे फिजिशियन होते, हे मला विशेष वाटते.

त्या चार-पाच वर्षांत बोस्टनच्या परिसरात काहीतरी विलक्षण जुळून आले होते. १९०६ मध्ये त्याच एलवूड वूस्टर यांनी डॉक्टर आणि धर्मसेवक यांनी मिळून मनाचे आजार पाहावेत अशी चळवळ आपल्या चर्चमध्ये उभी केली. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांना कोणता व्यवसाय निवडावा याचे मार्गदर्शन करणारी कचेरी उघडली. शाळा-कॉलेजांतील समुपदेशनाचा उगम तो. आणि सप्टेंबर १९०९ मध्ये बोस्टनहून फार दूर नसलेल्या वूस्टर गावी (पाळकाचे आडनाव आणि गावाचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग) क्लार्क विद्यापीठात सिग्मंड फ्रॉइड यांनी पाच व्याख्याने दिली. व्हिएन्नात डॉक्टर ब्रॉयर यांच्या एका तरुण रुग्ण स्त्रीने, बर्था पापेनहाइम हिने, आपल्यावरील उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले होते. ते नाव आता अटलांटिक ओलांडून आले. फ्रॉइड यांनी रुग्णाला बोलते केले खरे, पण बोलण्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. रुग्ण कोचावर आडवा, वैद्य त्याच्या मागे, दृष्टीआड. उपदेश गेला, पण त्याच्या जागी भाष्य आले. फ्रॉइड यांच्या धर्मविषयक मतांशी आपले जमणे शक्य नाही. मात्र दुःखिताला तासभर मध्येच न तोडता बोलू द्यावे ही शिस्त त्यांनी घालून दिली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

भाष्याचीही सत्ता सोडून देणारा माणूस धर्मशिक्षणाच्या वाटेवरून आला. कार्ल रॉजर्स यांचा जन्म १९०२ सालचा, शिकागोजवळच्या ओक पार्क येथला. घर कडक प्रॉटेस्टंट वळणाचे. पत्ते नाहीत, नाटक नाही, मद्य तर नाहीच. आधी शेतीशास्त्र, मग १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी चीनचा प्रवास, मग धर्मसेवक होण्यासाठी न्यूयॉर्कची युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी. दोन वर्षांनी त्यांनी रस्ता ओलांडला; हे अक्षरशः खरे आहे, कारण कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज समोरच होते. ठरावीक सिद्धांत मानलाच पाहिजे अशा व्यवसायात आपला निभाव लागणार नाही असे त्यांना वाटले. धर्मगुरू म्हणून हे वाचताना मन खट्टू होते. पण सेमिनरीने गमावलेला हा विद्यार्थी पुढे साऱ्या जगातील सेमिनऱ्यांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला, हेही तितकेच खरे.

१९२८ पासून बारा वर्षे रॉजर्स यांनी रॉचेस्टर येथे बिघडलेल्या, अनाथ, उपेक्षित मुलांसाठी काम केले. तिथला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वर्तनाचे मूळ आईने बालपणी त्याला मनातून झिडकारले यात आहे, असे रॉजर्स यांचे निदान होते, आणि हे सत्य तिच्या गळी उतरविण्याचा त्यांचा बैठकीमागून बैठक प्रयत्न चालला होता. ती ऐके, पण काही रुजत नसे. शेवटी त्यांनी हात टेकले. आपल्याकडून होत नाही, थांबूया का, असे विचारले. तिने होकार दिला, दोघांनी निरोप घेतला, ती दारापर्यंत गेली. तिथे वळून तिने विचारले, तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? करतो म्हणताच ती परत खुर्चीत येऊन बसली आणि तिने आपल्या संसाराची कहाणी सांगायला सुरुवात केली. त्या कहाणीचे रॉजर्स यांनी नोंदवून ठेवलेल्या नीटस इतिहासाशी काही साम्य नव्हते. ते फक्त ऐकत राहिले. त्या बाईचे सावरले, आणि मागोमाग मुलाचेही.

डिसेंबर १९४० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील एका भाषणात त्यांनी ही नवी दृष्टी मांडली आणि १९४२ मध्ये समुपदेशनावरचा त्यांचा ग्रंथ आला. त्याचा शेवटचा भाग त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होता. एका माणसाबरोबर झालेल्या आठही बैठकी ध्वनिमुद्रित करून त्यांचा शब्दन् शब्द छापला होता. तोपर्यंत बंद दाराआड काय घडले हे वैद्य सांगेल तेवढेच जगाला कळे. आता दर काही मिनिटांनी तबकड्या बदलत मुद्रित केलेले संभाषण कोणीही तपासावे. समुपदेशक कुठे घाई करतो, कुठे नकळत उपदेशावर उतरतो, हे सारे दिसू लागले. रॉजर्स यांनी ‘रुग्ण’ हा शब्दही टाकला आणि वकिलाच्या अशिलासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो घेतला. आलेला माणूस दुबळा नाही, तो आपले काम घेऊन आला आहे, असा त्यात भाव. १९५७ मध्ये त्यांनी साररूपाने सांगितले की समुपदेशकाचे मन खरे असावे, समोरच्याविषयी त्याला अटी न घालता आदर वाटावा, आणि त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहता यावे. मग बदल घडतो. तंत्र म्हणून पाहिले तर समोरच्याने म्हटले त्यातील भावना आपल्या शब्दांत त्याला परत देणे, एवढेच. या तंत्राची पोपटपंची म्हणून पुष्कळ टिंगल झाली. कानांनी ऐकून तोंडाने परत केले तर ती पोपटपंचीच होते.

याला तोडीस तोड प्रतिवाद अल्बर्ट एलिस यांनी केला. १९५५ पासून ते सांगू लागले की नुसते ऐकून भागत नाही. माणसाच्या दुःखामागे त्याच्या हट्टी, अविवेकी समजुती असतात, त्या वाद घालून खोडून काढल्या पाहिजेत. मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे ही विवेकनिष्ठ पद्धत मराठी माणसाला परिचित झाली आहे. दोघांत खरे कोण? माझ्या अल्पमतीने प्रश्न क्रमाचा आहे. रॉचेस्टरच्या त्या आईशी युक्तिवाद आधी झाला होता, आणि तो फुकट गेला होता.

आता पुन्हा समूहाकडे. १० जून १९३५ हा दिवस ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. न्यूयॉर्कचे शेअर-दलाल बिल विल्सन आणि ॲक्रनचे शल्यविशारद बॉब स्मिथ, दोघेही पक्के मद्यपी. आपण दुसऱ्या मद्यप्याशी बोलत राहिलो तर आपला स्वतःचा प्याला दूर राहतो, हे विल्सन यांना उमगले होते. प्रॅट यांच्या वर्गात निदान शिकवणारा डॉक्टर होता. इथे तोही नाही. बैठकीत कोणी कोणाला सल्ला देत नाही. प्रत्येकजण आपलेच सांगतो, आडनावाशिवाय.

या कथेत एका धर्मभगिनीचा वाटा आहे, तो आपल्या वाचकांना ठाऊक असावा. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर इग्नेशिया ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रुग्ण दाखल करून घेण्याचे काम पाहत. दारुड्यांना त्या काळी इस्पितळे उभी करीत नसत. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉ. स्मिथ यांच्या विनंतीवरून त्यांनी एकाला घेतले आणि कागदावर कारण लिहिले, पोटाची तीव्र सूज. त्याला भेटायला इतर मद्यमुक्त माणसे येणार, म्हणून एकांताची जागा हवी होती. सिस्टरनी त्याची खाट फुले ठेवण्याच्या खोलीत हलविली. पुढल्या वर्षी येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग विल्सन यांना भेटायला न्यूयॉर्कला गेले आणि या बारा पायऱ्या संत इग्नाती यांच्या अध्यात्मसाधनेशी इतक्या जुळतात कशा, असे विचारले. विल्सन यांनी त्या साधनेचे नावही ऐकले नव्हते. ही चळवळ १९५७ पासून भारतात आहे, आणि तिच्या कित्येक बैठका चर्चच्या आवारांतील खोल्यांत भरत आल्या आहेत. १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही बऱ्या झालेल्या व्यसनी माणसानेच नव्याला हात द्यायचा, हे सूत्र दिसते.

युद्धाने समूहोपचाराला वेग दिला, आणि तोही पुन्हा टंचाईमुळेच. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी इस्पितळात मनाने खचलेले सैनिक शेकड्यांनी येत, डॉक्टर मूठभर. १९४३ च्या सुमारास विल्फ्रेड बिऑन यांनी आणि त्यांच्यानंतर नाझी राजवटीतून निसटलेले सिगमंड फोक्स यांनी सैनिकांना गटात बसवून, गटाचाच उपयोग औषधासारखा करून पाहिला. १९४६ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट येथे कर्ट ल्युइन यांच्या शिबिरात एक मजेदार गोष्ट घडली. दिवसभराच्या गटकार्यावर रात्री तज्ज्ञ मंडळी चर्चा करीत, तिथे काही शिबिरार्थी येऊन बसले. आपल्याविषयी जे बोलले जात होते ते त्यांनी ऐकले आणि ‘तसे नव्हते’ म्हणून मध्येच तोंड घातले. तज्ज्ञ बिचकले, ल्युइन खूश झाले. इथून ‘एन्काउंटर’ गट निघाले: कार्यक्रमपत्रिका नाही, नेता नामधारी, जे वाटते ते स्पष्ट बोलायचे.

आणि इथेच सर्वांत दुखरा अध्याय येतो. रॉजर्स स्वतः १९६० च्या दशकात या गटांकडे वळले होते. १९६७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिसच्या ‘इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी’ या धर्मभगिनींच्या संघात, त्यांच्या महाविद्यालयात आणि शाळांत, असे गट घेण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संन्यस्त संघांना नूतनीकरणाचे आवाहन केले होते, त्यामुळे काळ अनुकूल होता. त्याच वर्षी संघाने पोशाख, प्रार्थनेच्या वेळा, कामाची निवड यांबाबत नवे प्रयोग जाहीर केले. कार्डिनल मॅकइन्टायर यांना ते मान्य झाले नाहीत. वाद रोमपर्यंत गेला, भगिनींना धर्मप्रांताच्या शाळा सोडाव्या लागल्या, आणि १९७० मध्ये संघातील सुमारे तीनशे भगिनी एकदम व्रतमुक्त होऊन एका नव्या, धर्मसत्तेबाहेरील समुदायात गेल्या. रॉजर्स यांचे सहकारी विल्यम कूलसन यांनी पुढे १९९० च्या दशकात उघड कबुली दिली की हा संघ आपणच मोडला. उलट संघाच्या तत्कालीन प्रमुख अनिता कास्परी यांनी २००३ मधील आपल्या पुस्तकात ठामपणे मांडले की खरा संघर्ष अधिकार आणि नूतनीकरण यांचा होता.

मला कूलसन यांची कबुली पुरती पटत नाही. तीनशे प्रौढ, सुशिक्षित स्त्रिया काही शनिवार-रविवार गोलात बसल्या म्हणून आपले जीवन बदलतात, असे म्हणणे हा त्यांचा अवमान आहे. पण प्रकल्पात एक मूलभूत चूक होती असे वाटते. प्रॅट यांच्या वर्गातील माणसे सभा संपली की आपापल्या घरी जात. मद्यप्यांच्या बैठकीत आडनाव नसते. इथे मात्र एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकमेकींच्या वरिष्ठ वा कनिष्ठ असलेल्या व्यक्तींनी रविवारी मन उघडे करायचे आणि सोमवारी त्याच मुख्याध्यापिकेच्या हाताखाली शिकवायला उभे राहायचे. असा गट सुरक्षित कसा राहणार?

ही शंका केवळ धर्मगुरूची नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात लिबरमन, यॅलोम आणि माइल्स यांनी विद्यार्थ्यांचे असे अनेक गट नेमून तपासले आणि १९७३ मध्ये निष्कर्ष छापले. शेकडा आठ-नऊ सहभागींना टिकाऊ मानसिक इजा झाली होती. गट कोणत्या सिद्धांताचा आहे याने फारसा फरक पडत नव्हता. नेता कसा आहे याने पडत होता. सर्वाधिक इजा झाली ती आक्रमक, भारून टाकणाऱ्या, लोकांना लवकर उघडे व्हायला भाग पाडणाऱ्या नेत्यांच्या गटांत. आपल्या प्रार्थनासमूहांत आणि शिबिरांत भारून टाकणारे वक्ते आपल्याला किती प्रिय असतात, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. प्रार्थनासमूह हा उपचारगट नव्हे. तिथे कोणाला रडत आपला घरचा इतिहास सांगायला लावू नये.

गुप्ततेचीही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पापनिवेदनाची मुद्रा अभंग असते. धर्मगुरूला ती कोणत्याही कारणास्तव मोडता येत नाही. समुपदेशकाची गुप्तता तशी नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तारासॉफ खटल्यात निर्णय दिला की समोरच्याकडून कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल, तर त्याला वाचविण्यासाठी उपचारकाने पावले उचललीच पाहिजेत. आणि गटात तर गुप्तता ही दहाजणांच्या शब्दावर उभी असते. चांगला समुपदेशक हे सारे पहिल्याच बैठकीत सांगतो. जो सांगत नाही त्याला आपण विचारावे.

आपल्याकडे या प्रवाहाचे पाणी आणले ते मुंबईत जन्मलेल्या फादर अँथनी डिमेलो यांनी. शिकागोत समुपदेशन शिकून आल्यावर त्यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ संस्था काढली, ती पुढे लोणावळ्याला गेली. आमच्या आधीच्या पिढीतील कित्येक धर्मगुरू आणि धर्मभगिनी तिथून निराळे होऊन परतले. काहींनी त्यांचे गुणगान केले, काहींनी नाक मुरडले. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, रोमने त्यांच्या काही लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. ती धर्मतत्त्वांसंबंधी होती. ऐकण्याच्या त्यांच्या पद्धतीशी तिचा संबंध नव्हता, ही गोष्ट चर्चेत बहुधा निसटते.

रॉजर्स यांनी १९७२ मध्ये आणखी एक गट घेतला. बेलफास्टहून चार कॅथलिक, चार प्रॉटेस्टंट आणि एक निवृत्त इंग्रज लष्करी अधिकारी अशी नऊ माणसे त्यांनी पिट्सबर्गला बोलावली. उत्तर आयर्लंडमध्ये त्या वर्षी रक्ताचे पाट वाहत होते. तिन्ही दिवस मिळून जेमतेम चोवीस तास ती एकत्र बसली, आणि कॅमेरा चालू होता. सुरुवातीला नुसता विखार. मग त्यांतल्या एकाने सांगितले की भावना वर येऊ लागल्या की आपल्या मनावर पोलादी शटर खाली पडते. एरवी जगणेच शक्य नाही. त्या चित्रपटाला हेच नाव मिळाले. परत गेल्यावर त्यांच्यापैकी काहीजण, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट अशा जोडीने, तो चित्रपट बेलफास्टमधील लहान लहान गटांना दाखवीत आणि मग दिवे लावून लोकांना बोलायला बसवीत.